दत्तक मुलाची बाजू, मुक्तछंदात

मूल दत्तक घेतलं, त्याला आई-वडील मिळाले, की गोष्ट संपली असं मोठ्यांना वाटतं. मुलाच्या बाजूने ती तिथून सुरू होते. ही बाजू किशोरांसाठीच्या दोन अमेरिकी काव्यकादंबऱ्यांनी मांडली आहे. अ‍ॅन बर्ग यांची ‘ऑल द ब्रोकन पीसेस’ २००९ची. एप्रिल १९७५मध्ये, सायगाव पडायच्या सुमारास, दोन हजारांहून अधिक मुलं विमानांनी व्हिएतनाममधून बाहेर नेली गेली. कादंबरीतला मॅट त्यांच्यातलाच. नवे आई-वडील मायाळू आहेत, तरी पोरगा जपूनच वागतो. मागे राहिलेल्या, स्फोटात जायबंदी झालेल्या धाकट्या भावाविषयी त्याला बोलवत नाही. जॅकलिन वुडसन यांच्या ‘लोकोमोशन’मधल्या (२००३) लॉनीचे आई-वडील आगीत गेले. त्याच्या बहिणीला दुसऱ्या घरी दत्तक घेतलं गेलं. तो मात्र दत्तक न जाता मिस एड्ना नावाच्या बाईंकडे राहतो. त्या त्याला नीट सांभाळतात, पण सारखं ‘गप्प बस’ म्हणतात. मग तो कवितेत बोलतो, थोडं थोडं, सुचेल तेवढंच.

हे गद्यातही सांगता आलं असतं, मधेच ओळी तोडल्या म्हणून काव्य होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पुष्कळ पुस्तकांना तो लागूही पडतो. इथे पडत नाही. ओळ कुठे तोडायची हे लॉनी वर्गात शिकतो, आणि जिथे त्याला पुढे बोलवत नाही तिथे त्याची ओळही थांबते. गद्य असतं तर लेखिकेला त्या जागा भराव्या लागल्या असत्या, आणि मुलाच्या वतीने मोठं माणूस बोललं असतं. एवढं दुःख कोवळ्या वयात कशाला, असंही विचारतात. पण दत्तक गेलेल्या मुलाला ते पुस्तकातून कळत नसतं, ते त्याच्याजवळ आधीच असतं. शेजारच्या बाकावरच्या मुलालाही ते कळलं पाहिजे, नाहीतर ‘तुझे खरे आई-बाबा कोण?’ असं तो सहज विचारून जातो.

आपण यशोदेचं वात्सल्य गौळणींतून पिढ्यान्‌पिढ्या गात आलो. तिच्या घरी वाढणाऱ्या मुलाला काय वाटत असेल, हे फारसं गायलं गेलं नाही. मराठी कवींनी बारा वर्षांच्या वाचकासाठी अशी एक दीर्घ कथा लिहावी, आणि प्रकाशकांनी ती छापावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.