आधी मॅन्युअल, मग मदरबोर्ड



संयोजकांनी मला ‘घरी जोडलेला पहिला कॉम्प्युटर’ हा विषय दिला आहे. सगळ्याच भागांबद्दल बोलायला गेलो तर एकालाही न्याय मिळणार नाही, म्हणून आज फक्त मदरबोर्डबद्दल बोलतो. बाकीचं पुढेमागे सावकाश बदलता येतं. रॅम वाढवता येते, एसएसडी मोठी टाकता येते, ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनी घेतलं तरी अडत नाही. बोर्ड बदलायचा झाला की मात्र सगळं उचकटून पुन्हा पहिल्यापासून जोडावं लागतं. शिवाय दुबळ्या बोर्डाचं दुखणं चटकन सापडत नाही. मशीन सुरू होतं, आठवडाभर नीट चालतं आणि मे महिन्यातल्या दुपारी प्रोजेक्ट सबमिट करायच्या वेळी आपोआप बंद पडतं. मुलगा विंडोज पुन्हा टाकतो, रॅम बदलून पाहतो, वडील त्याच्यावर चिडतात. असे मुलगे आणि असे वडील मी दुरुस्तीच्या टेबलापलीकडे पाहत आलो आहे, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

दुकानात बोर्ड समोर आला की नजर आधी त्याच्या रंगीत दिव्यांवर जाते. तुम्ही प्रोसेसरच्या सॉकेटच्या कडेला बघा. तिथे करड्या रंगाचे चौकोनी ठोकळे ओळीने बसवलेले असतात, ते चोक. त्यांच्या शेजारी मॉस्फेट असतात. चांगल्या बोर्डावर ते दिसतच नाहीत, कारण त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक स्क्रूने आवळलेला असतो. या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्ट द्यायचे, हे त्याचं काम. आता हिशेब करा. प्रोसेसर १२५ वॉट घेत असेल, तर सव्वा व्होल्टला प्रवाह होतो १०० अँपिअर. आपल्या घरात गिझरच्या प्लगवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं. त्याच्या सहापट प्रवाह या एवढ्याशा जागेतून जातो. हीटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवला की हा भाग तापतो, मग बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो. पैसे मोजून घेतलेला वेग वापरायलाच मिळत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं, तिथे तर या हीटसिंकवर अजिबात तडजोड करू नका.

उष्णतेवर मी इतका भर देतो याला इतिहास आहे. हा जुना बोर्ड मी मुद्दाम बरोबर आणला आहे, पुढच्या रांगेतून फिरवा. सॉकेटशेजारी छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर दिसतील. त्यांच्या टोपणावर कारखान्यातच एक फुली आखलेली असते, आत वायू साठला तर स्फोट न होता टोपण तिथेच उकलावं म्हणून. या बोर्डावर ती टोपणं फुगली आहेत आणि दोन ठिकाणी तपकिरी द्रव वाळून बसला आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर असे बोर्ड मेले. कपॅसिटरमधल्या इलेक्ट्रोलाइटचं मिश्रण सदोष होतं, आत हायड्रोजन तयार होत राहायचा. डेलसारख्या कंपनीला २००५ मध्ये या दुरुस्त्यांपोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. त्यानंतर बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर रुळले. त्यांत वाळायला द्रवच नसतो.

कपॅसिटरच्या आयुष्याचा ढोबळ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुन्या, द्रव असलेल्या कपॅसिटरवर १०५ अंशांना २,००० तास असं लिहिलेलं असेल, तर दर १० अंश कमी तापमानाला आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांना ३२,००० तास. पॉलिमरचा असेल तर २० अंशांमागे दहापट, म्हणजे त्याच ६५ अंशांना दोन लाख तास. कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवणारा एक साधा पंखा बोर्डाच्या आयुष्यात किती भर घालतो, ते या आकड्यांवरून कळेल.

‘कोणत्या कंपनीचा घेऊ?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. असूस, गिगाबाइट, एमएसआय, ॲझरॉक या चारही तैवानच्या कंपन्या आहेत आणि चौघीही उत्तम बोर्ड काढतात, तसेच काटकसरीचेही काढतात. नुसत्या नावावर जाऊ नका. तुमच्या जिल्ह्यात किंवा जवळच्या शहरात कोणाचं सर्व्हिस सेंटर आहे, याला मी जास्त महत्त्व देतो. वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते, पण बोर्ड कुरिअरने कुठे पाठवायचा आणि तो किती दिवसांनी परत येणार, हे खरेदीआधीच विचारलेलं बरं.

प्रोसेसर आधी ठरवा, बोर्ड त्याच्या मागून येतो. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ पासून पुढे अनेक वर्षं चाललं. सुरुवातीचे कित्येक बोर्ड बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेपर्यंत पोहोचले. एएम५ २०२२ मध्ये आलं आणि तेही दीर्घकाळ चालवू असं कंपनीने सांगितलं आहे. इंटेलचं एलजीए १७०० तीन पिढ्यांनंतर थांबलं, २०२४ पासून १८५१ सुरू झालं. पुढे-मागे फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर आज मी एएम५ आणि बी६५०सारखा मधल्या फळीतला चिपसेट सुचवेन. ऑफिसचं काम आणि अभ्यास एवढंच असेल तर इंटेलचा एच६१० पुरतो, फक्त त्यावर रॅमचे दोनच स्लॉट मिळतात हे ठाऊक असू द्या. एच६१पासून मात्र लांब राहा. नाव सारखं वाटतं, पण तो २०११चा चिपसेट आहे. त्याचे ‘नवे’ बोर्ड आजही स्वस्तात विकले जातात आणि विंडोज ११ ज्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालतं, त्यांतला एकही त्यावर बसत नाही.

मॉडेल पक्कं झालं की पैसे द्यायच्या आधी कंपनीच्या साइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि वाचा. माझं आजचं सगळं सांगणं या एका गोष्टीत आहे. दुसरी एम.२ एसएसडी लावली की कोणते साटा पोर्ट बंद पडतात, हे तिथेच छापलेलं असतं. त्याच साइटवर प्रोसेसरांची यादी असते. प्रत्येकापुढे बायोसची आवृत्ती दिलेली असते, त्याआधीच्या बायोसवर तो प्रोसेसर चालत नाही. दुकानातला बोर्ड वर्षभर खोक्यात पडून असेल तर नवा प्रोसेसर तो ओळखणार नाही. अशा वेळी बायोस फ्लॅशबॅकचं बटण उपयोगी पडतं. प्रोसेसर आणि रॅम न लावता नुसता एसएमपीएस आणि एक पेन ड्राइव्ह यांवर बायोस बदलता येतं. त्या बटणासाठी मी चार पैसे जास्त देईन. खोक्यावरची आणि बोर्डाच्या कोपऱ्यातली रिव्हिजनही बघा. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनमध्ये भाग बदललेले असू शकतात.

कंपनी बायोस किती नेमाने काढते, यावरूनही बोर्डाचा भरवसा कळतो. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्सथ्रीडी प्रोसेसर जळाल्याच्या घटना घडल्या, तेव्हा एसओसी व्होल्टेज १.३वर रोखणारं बायोस आलं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे कमजोर होत होते, तिथेही उपाय बायोसमधूनच मिळाला. ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांचे प्रोसेसर तेच व्होल्टेज सोसत राहिले.

खोकं घरी आणल्यावर सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लागतं. सॉकेटमधली एक पिन वाकली तरी वॉरंटी नाकारतात, म्हणून घेतानाच दुकानात झाकण उघडून उजेडात पिना बघा. कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या भोकांखाली नसलेला पितळी स्टँडऑफ काढून टाका, नाहीतर मागून शॉर्ट होतं. दोनच रॅम असतील तर त्या बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर विसरू नका, पंखे फिरतात पण चित्र येत नाही याचं ते नेहमीचं कारण. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असलेला प्रोसेसर असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा, बोर्डाच्या एचडीएमआयला काहीच दिसणार नाही. आणि भिंतीतल्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

मग बटण दाबा. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील. बोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवणी करत असतो. डीरॅमचा छोटा दिवा पेटलेला दिसला तरी मेन स्विचला हात लावू नका, थांबा. चित्र आलं की आधी बायोसची आवृत्ती वाचा, नवी असेल तर ती टाका आणि त्यानंतरच विंडोजकडे वळा. बिल आणि खोकं तीन वर्षं ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेतो.