दुआ हवीच, कागदही हवेत

(2 एप्रिल, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनानिमित्त महिला मेळाव्यात केलेले भाषण)



माझा मुलगा आज 19 वर्षांचा आहे. लहानपणी हाक मारली तरी तो वळून बघायचा नाही. खेळण्यातली गाडी उलटी करून तासन्‌तास चाक फिरवत बसायचा. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून किंचाळायचा. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं जिन्नाची सावली. ताईत झाले, दम केलेलं पाणी झालं. 'आईनेच लाडावलाय' हेही ऐकलं. यात दोन वर्षं गेली. पाचव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, ही स्वमग्नता आहे. ती कुणाच्या गुन्ह्याची सजा नाही आणि आईच्या वागण्याने होत नाही.

दुआ मी आजही मागते. पण त्याला चित्रांची कार्डं वापरायला शिकवलं. पहिल्यांदा त्याने पाण्याचं कार्ड माझ्या हातात ठेवलं, तेव्हा कळलं, इतके दिवस ज्याला आम्ही हट्ट म्हणत होतो ती तहान होती.

आज मला बोलायचं आहे ते त्याच्या अठराव्या वर्षाबद्दल. त्याचे अब्बा वारल्यावर त्याच्या वाट्याचे व्यवहार सासऱ्यांकडे गेले. आपल्या व्यक्तिगत कायद्यात अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा पालक बाप, त्याच्यामागे आजोबा. आई नाही. मुलगा 18 पूर्ण झाला आणि बँकेत सांगितलं, 'तो आता सज्ञान आहे, सही त्याचीच लागेल.' तो सही करू शकत नाही. आजोबांचा अधिकार संपला होता, माझा कधी नव्हताच.

तेव्हा 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा समजला. स्वमग्न व्यक्ती सज्ञान झाल्यावर पालक नेमण्यासाठी आई, वडील किंवा नातेवाईक जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करू शकतात. समितीत जिल्हाधिकारी असतात. हा कायदा धर्म विचारत नाही. आईचा अर्ज बापाच्या अर्जाइतकाच मोलाचा. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हयगय केली तर त्याला काढता येतं. मुलाचा हिस्सा गिळणाऱ्या नातेवाइकांना हे ऐकवा.

प्रत्येक स्वमग्न व्यक्तीला पालक लागतोच असं नाही. पुष्कळजण शिकतात, कमावतात, आपले निर्णय आपण घेतात. त्यांच्यावर पालक लादू नका.

माझं मागणं एवढंच. मुलाला पाहुण्यांपासून लपवू नका. अपंगत्वाचा दाखला काढा. 2016 च्या कायद्यात स्वमग्नता आहे. त्या कायद्याने 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

'माझ्यामागे याचं कोण?' हा प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता. आजही पूर्ण सुटलेला नाही. पण आता कपाटात एक फाईल आहे आणि ती कुठे ठेवली आहे हे माझ्या मुलीला माहीत आहे. तुमच्या घरातही अशी फाईल असू द्या.