खेड्यापाड्यांचे बडोदे

बडोदे म्हटले की लक्ष्मीविलास राजवाडा, सुरसागर आणि न्यायमंदिर डोळ्यांपुढे उभे राहते. पण गायकवाडांचे संस्थान या एका शहरापुरते नव्हते. 8,000 चौरस मैलांहून मोठ्या या मुलखात 1931 च्या खानेसुमारीत 24 लाखांवर माणसे मोजली गेली, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत राहणारी होती. संस्थानाची खरी श्रीमंती तिथेच होती.

हा मुलूख सलगही नव्हता. उत्तरेला कडी, मध्ये बडोदे, दक्षिणेला नवसारी, पार काठियावाडात अमरेली आणि समुद्राकाठी द्वारकेचे ओखामंडळ. बडोद्याहून अमरेलीला निघालेल्या कारकुनाला वाटेत परक्या हद्दी ओलांडाव्या लागत.

जमिनीही तशाच निराळ्या. कडीकडे रेताड माती, बाजरी आणि मेहसाणी म्हशी. पेटलादला चरोतरची गोराडू, म्हणजे रेतीमिश्रित पोयट्याची, जमीन आणि तंबाखू. सोनगड-व्याऱ्याच्या जंगलात गामीत, चौधरी, भिल्ल यांची वस्ती. याच सोनगडच्या किल्ल्यावरून पिलाजीरावांनी गायकवाडी राज्याचा पाया घातला. राज्यकर्ते मराठे असले, तरी प्रजेत मराठी बोलणारे थोडेच होते.

बडोद्याच्या दक्षिणेला कानमची काळी माती आहे. तिथला कापूस हे मोठे नगदी पीक. तो मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गापर्यंत पोचावा म्हणून खंडेराव महाराजांच्या काळात, 1862 साली, डभोई ते मियागाम असे अरुंद रूळ टाकले गेले. भारतातली ही पहिली नॅरोगेज. सुरुवातीला तिचे डबे ओढले ते बैलांनी! नियमित इंजिन आले ते 1873 साली.

डभोईच्या पुढे संखेडे. तिथले खराडी कारागीर सागाचे लाकूड लेथवर फिरवतात, त्यावर लाखेचा रंग चढवतात आणि घासून घासून चकाकी आणतात. अनेक बडोदेकरांच्या घरातला झोपाळा याच गावचा असतो.

कौळाणे गावच्या शेतकरी घरात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांना खेडे परके नव्हते. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी 1893 साली सुरू केला तो राजधानीत नव्हे, अमरेली तालुक्यात; 1906 साली तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. साक्षर झालेल्या माणसाच्या हाती पुस्तक हवे, म्हणून 1910 साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले. मोतीभाई अमीन यांच्यासारखा कार्यकर्ता खेड्यांतल्या वाचनालयांसाठी झटत होताच. लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये गावोगाव जाऊ लागली. राजवाड्याच्या संगमरवराहून या पेट्यांचे मोल अधिक आहे.

1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थान गेले, गावे राहिली. सुट्टीत बडोद्याला पाहुणे आले की त्यांना राजवाडा दाखवाच. पण एक दिवस काढून डभोईची जुनी वेस हिरा भागोळ आणि संखेड्याच्या खराडींची दुकानेही जरूर दाखवा.