दुसऱ्याचा घोडा, आपली जबाबदारी
(गटांच्या मेळाव्यातील मनोगत)

लग्नसराई संपली की वरातीचे घोडे सांभाळायला कुणीतरी लागतं. ते काम आमच्या गटानं घेतलं. दाणा-वैरण, खरारा, लीद काढणं, फिरवणं सगळं आपण करायचं. मालकानं महिन्याचे पैसे द्यायचे.

पहिल्याच महिन्यात मी चुकले. घोडा वाळलाय म्हणून एकदम जास्त चंदी घातली. रात्री तो पोटदुखीनं लोळायला लागला. घोड्याला ओकता येत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचला. बिल मात्र गटानं भरलं, कारण मालकाशी सगळं तोंडीच ठरलं होतं.

म्हणून सांगते, चंदी थोडी थोडी, वैरण भरपूर, पाणी कायम समोर. 6 ते 8 आठवड्यांनी नालबंद बोलवा. धनुर्वाताची लस चुकवू नका. आणि औषधपाण्याचा खर्च कुणाचा, हे घोडा दावणीला बांधायच्या आधी कागदावर लिहून घ्या.