परदेशात इंग्रजी शिकवायची पहिली नोकरी : आधी कागद, मग विमान

धारा काढून झाल्या असतील, भाकरी टोपल्यात पडल्या असतील. आता थोडा वेळ आमच्यासाठी काढा.

गावोगावच्या बचत गटांत हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "लेक बी.ए. झालीय, इंग्रजी बरं बोलते. एक एजंट म्हणतो, थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लावून देतो, अनुभव लागत नाही, फक्त दीड लाख भरा. गटातून कर्ज मिळेल का?" या प्रश्नात एका मुलीची उमेद आहे आणि दहा-बारा बायांनी महिन्या-महिन्याला साठवलेला पैसा आहे. म्हणून आज आम्ही याचंच बोलणार आहोत.

पहिली गोष्ट. ही नोकरी खोटी नाही. आशियातल्या बऱ्याच देशांना इंग्रजी शिकवणारी माणसं हवी असतात आणि आपल्या देशातले शिक्षक थायलंडसारख्या ठिकाणी शिकवतही आहेत. आपल्या मुली त्यात कमी नाहीत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पंचविशीतली मुलगी सहाव्या वर्षापासून ही भाषा शिकत आलेली आहे.

पण प्रत्येक देशाचं दार सारखं उघडं नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला व्यापार करार २०१० मध्ये लागू झाला, त्यातून आपल्याकडच्यांना सहायक शिक्षक म्हणून एक वाट आहे, पण तिथे शिक्षकाची अर्हता मागतात. जपानमध्ये भाषा शिकवायची तर साधारणपणे त्याच भाषेतून बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलीचं तिथे अडतं. जाहिरातींत तर सर्रास लिहिलेलं असतं, "जिची मातृभाषा इंग्रजी तिनेच अर्ज करावा." हा अन्याय वाटतो, आणि तो आहेच. पण तो आधी माहीत असला, तर अशा ठिकाणी फीचे पैसे घालवायची वेळ येत नाही.

थायलंडचं उदाहरण घेऊ, कारण एजंटांच्या तोंडी तेच नाव जास्त असतं. तिथे शाळेत शिकवायला पदवी लागते. बारावीवर भागत नाही. पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. मातृभाषा इंग्रजी नसेल, तर इंग्रजीच्या परीक्षेचे गुण बहुतेक ठिकाणी मागतात. मुलीकडे शिक्षक-परिषदेचा परवाना नसेल, तर शाळा तिच्यासाठी परिषदेकडून तात्पुरती परवानगी मागते. बी.एड. झालेलीला पुढचा रस्ता सोपा जातो. मग कामाचा व्हिसा आणि कामाचा परवाना. हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्हींसाठी शाळेनेच पत्रं द्यावी लागतात. ज्या नोकरीमागे खरी शाळा नाही, तिला हे कागद मिळत नाहीत. खऱ्या-खोट्याची पारख इथेच होते.

आता "अनुभव नाही" याचं काय करायचं? अनुभव गावातच मिळवता येतो. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत बालवर्गाला मदतनीस म्हणून सहा महिने काढा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारून आठवड्यातले दोन तास इंग्रजीचे घ्या. वस्तीवरच्या मुलांची शिकवणी चालवा. काम झालं की शाळेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. कुठली इयत्ता, किती मुलं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, असं स्वच्छ लिहिलेलं. पत्र खरंच असावं. पैसे देऊन अनुभवाचा खोटा दाखला करणारेही फिरतात. तो पकडला गेला की व्हिसा जातो आणि नावही खराब होतं.

दुसरं, परक्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा एक अभ्यासक्रम असतो, त्याला टेफल म्हणतात. तो ऑनलाइनही होतो. नवख्या उमेदवाराकडे पुष्कळ शाळा हाच कागद आधी पाहतात. प्रत्यक्ष मुलांसमोर शिकवण्याचे तास असलेला अभ्यासक्रम मिळाला तर उत्तम.

तिसरं, मुलाखत. ती बहुधा मोबाइलवर, चित्र दिसेल अशा कॉलवर होते आणि दहा-पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात. समोरच्या पोरांना ना मराठी येत, ना हिंदी, आणि आपल्याला त्यांची भाषा येत नाही. मग शिकवायचं हातवारे, चित्रं आणि वस्तूंनी. टोमॅटो, वांगं, लिंबू पुढे ठेवून रंग आणि आकडे शिकवा. घरातल्या लहानग्यांवर सराव करा. मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. इंग्रजीत "व"चे दोन उच्चार आहेत, आपण दोन्ही एकसारखे करतो. तेवढं सुधारलं तरी फरक पडतो. थायलंडच्या शाळा मे महिन्यात सुरू होतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये जागा जास्त निघतात. दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतं, त्यासाठी ऑक्टोबरात पाहावं.

आता पैशाचं. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते. नोंदणी आहे की नाही, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं. गटातल्या कुठल्याही शिकलेल्या मुलीला हे पाच मिनिटांत जमेल. नोंदणी असलेल्या एजंटालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. म्हणजे सगळं मिळून ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती. मग दीड लाख कशाचे? शिवाय शाळेने थेट घेतलं, तर एजंटाची गरजच नाही. साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो. पोलीस दाखल्याला पासपोर्ट कार्यालयात ५०० रुपये पडतात. परीक्षा, अभ्यासक्रम, कागदांवरचे शिक्के, तिकीट यांचा खर्च आहेच. पण तो टप्प्याटप्प्याने येतो आणि प्रत्येक टप्प्यावर हातात काहीतरी पडतं.

आणि मैत्रिणींनो, धोका नुसता पैशाचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडच्या खोट्या नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. नोकरी म्हणून तरुणांना बँकॉकला बोलवायचं, तिथून गाडीने सीमेवर न्यायचं आणि म्यानमारमध्ये मायावाडी भागात नेऊन डांबायचं, असा तो प्रकार होता. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि संगणकावर बसवून लोकांना फसवायला लावतात. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. त्या जाहिराती शिकवण्याच्या नव्हत्या, संगणकावरच्या कामाच्या होत्या. पण फसवायची वाट तीच असते : पर्यटक म्हणून चला, बाकीचं तिथे गेल्यावर बघू.

काही खऱ्या शाळाही म्हणतात, पर्यटक म्हणून या, व्हिसा इथे बदलून देऊ. तशी सोय तिथे आहे. पण परवाना हाती येईपर्यंत वर्गात उभं राहणं बेकायदा आहे. पकडली गेली तर दंड भरायचा आणि परत यायचं मुलीनेच. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीने हा जुगार खेळू नये. कामाचा व्हिसा इथूनच घेऊन निघावं.

म्हणून गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला, की नाही म्हणू नका आणि घाईने सहीही करू नका. पाच गोष्टी विचारा. शाळेचं नाव आणि पत्ता काय? मुलगी शाळेतल्या माणसाशी स्वतः बोलली का? पगार, तास, राहण्याची सोय आणि सुट्ट्या लिहिलेला करार आला का? व्हिसा कामाचा आहे का? एजंट असेल तर नोंदणी क्रमांक काय? उत्तरं नसतील, तर तेच कर्ज आधी अभ्यासक्रमाला आणि इंग्रजीच्या परीक्षेला द्या. ती रक्कम लहान असते. आणि परदेशाचं नाही जमलं, तरी त्या कागदांवर तालुक्याच्या शाळेत मुलगी उभी राहू शकते.

मुलगी निघाली, तर पासपोर्ट, व्हिसा, करार यांच्या प्रती घरी ठेवा. पासपोर्ट तिच्याच पिशवीत राहील, कोणी मागितला तरी ठेवायला द्यायचा नाही, हे बजावून सांगा. तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर तिच्याकडेही असू द्या आणि तुमच्याकडेही. परदेशी नोकरीबद्दल शंका असेल, तर सरकारचा फुकटचा नंबर आहे १८०० ११ ३०९०. पैसे ऑनलाइन भरून फसगत झाली, तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.

हे दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात पोलीस दाखल्याचा अर्ज कसा भरायचा ते पायरी-पायरीने सांगू. ज्यांच्या मुली पासपोर्टच्या तयारीत आहेत, त्यांनी कागद-पेन घेऊन बसा.