लॉजची बंद खोली आणि समाजाचे कर्तव्य



1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना होऊन पिंपरीत मोठ्या उद्योगाचे पाऊल पडले. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीचा माळ कारखान्यांनी भरून गेला. कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे चाकण पुढे मोटार उद्योगाचे केंद्र बनले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधून हजारो तरुण येथे आले. त्यांच्या हातांना काम मिळाले. परंतु त्यांच्या मनाची विचारपूस करणारी व्यवस्था त्याच वेगाने उभी राहिली, असे मात्र म्हणता येणार नाही.

या पट्ट्यातील कित्येक कामगार एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. एकजण रात्रपाळीहून परततो, तेव्हा दुसरा पहिल्या पाळीला निघालेला असतो. कंत्राट संपले, कर्जाचे हप्ते थकले, घरात कलह झाला किंवा परीक्षेत अपयश आले, तर मोकळेपणाने रडावयासही जागा नसते. अशा वेळी महामार्गालगतच्या लॉजमधील आतून कडी लावता येईल अशी खोली काहींना जवळची वाटते. बहुतेकजण तेथे केवळ विश्रांतीसाठी जातात. परंतु जगणे नकोसे झालेली एखादी व्यक्तीही कोणी अडवू नये, घरच्यांना त्रास होऊ नये, या भावनेने असाच एकांत शोधते.

तिच्या नाहीसे होण्याकडे कोणाचे लक्ष का जात नाही, याचाही विचार व्हावयास हवा. गावाकडील मंडळी समजतात, मुलगा पाळीवर आहे. खोलीतील सोबती समजतात, तो गावी गेला आहे. कारखान्यात केवळ गैरहजेरी मांडली जाते. या तिघांच्या मधला तो एक दिवस कोणाचाच नसतो. त्या दिवशी त्याच्याशी बोललेली एकमेव व्यक्ती पुष्कळदा लॉजचा व्यवस्थापक किंवा चहा नेऊन देणारा पोऱ्या असते.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी 22,746 व्यक्ती महाराष्ट्रातील होत्या. देशातील एकूण संख्येत रोजंदारीवर जगणाऱ्यांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता.

‘ज्याने ठरविले त्याला कोण रोखणार?’ असे सर्रास म्हटले जाते. हा समज बरोबर नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 1937 ते 1971 या काळात आत्महत्येपासून रोखलेल्या 515 व्यक्तींचा रिचर्ड सायडेन या अभ्यासकाने पुढे मागोवा घेतला. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसून आले, की त्यांपैकी सुमारे 94 टक्के व्यक्ती त्या वेळी हयात होत्या किंवा नैसर्गिक कारणांनी मरण पावल्या होत्या. याचा अर्थ असा, की तीव्र संकटाची घटका टळू शकते. ती टळेपर्यंत कोणीतरी सोबत असावे लागते.

ही सोबत देण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. सामानाविना एकटाच आलेला, अतिशय खिन्न दिसणारा, जेवण नाकारणारा, दिवसभर दार न उघडणारा प्रवासी दिसल्यास ‘जेवलात का, दादा? घरी कुणाला फोन लावून देऊ का?’ एवढे विचारता येते. शंका बळावल्यास ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत निराधार आहे. उलट पुष्कळांना त्यामुळे मन मोकळे करता येते. धोका दिसताच त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि 112 किंवा 108 या क्रमांकावर तातडीने मदत मागावी. मात्र एकट्या प्रवाशाला संशयित मानून खोली नाकारणे हा उपाय नव्हे. नाकारलेला माणूस अधिकच एकटा पडतो.

पोलिसांचे लचांड मागे लागेल, या धास्तीने काहीजण गप्प बसतात. 2018 पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिला उपचार व पुनर्वसन मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरविणारे जुने कलम राहिलेले नाही. ही माहिती प्रत्येक लॉजचालकापर्यंत पोहोचविणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे. लॉजमधील प्रवाशांची नोंदवही पोलीस तपासतातच. त्याच भेटीत मदतीचे क्रमांक लावण्यास व कर्मचाऱ्यांना चार गोष्टी समजावून सांगण्यास वेगळा खर्च येणार नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही उपलब्ध आहे. हा क्रमांक कारखान्याच्या हजेरीफलकाशेजारी, शाळेच्या सूचनाफलकावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असावा. पंचायत सदस्यांनी गावातून कामासाठी बाहेर गेलेल्या तरुणांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा दूरध्वनी क्रमांक त्यांच्या घरी लिहून ठेवलेला आहे ना, हे पाहावे. शिक्षकांनी निकालाच्या दिवसांत गप्प झालेल्या मुलाच्या घरी एक फेरी मारावी. मन दुखणे ही लाज नव्हे, दुखणे आहे, हे वर्गात व ग्रामसभेत मोकळेपणाने सांगितले जावे.

बंद दारावर वेळीच एक थाप पडली, तर आत बसलेला माणूस दार उघडण्याचा संभव असतो. ती थाप देणारे हात या पट्ट्यातील प्रत्येक लॉजमध्ये, कारखान्यात आणि गावात तयार करणे, हे आपल्या सर्वांचे कर्तव्य होय.