गाण्यांच्या दप्तराची राखण



१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी आपले नाव इंग्रजीत उच्चारले. तबकडी जर्मनीत छापली जाणार होती; गाणारी कोण, हे तेथील कारागिरांना कळावयास हवे होते. गाणे टिकावयाचे तर त्याच्यासोबत नावही टिकले पाहिजे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आता गाणी संगणकात असतात. गायक, संग्रह, वर्ष हा तपशील गाण्याच्या फायलीतच लिहिलेला असतो, आणि हजारो गाण्यांचे हे दप्तर लावून देणारी साधनेही असतात. 'बीट्स' हे त्यांतलेच एक. २०१० साली अमेरिकेत ॲड्रियन सॅम्पसन यांनी ते प्रसिद्ध केले. ते मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची घडण कोणीही पाहावी, सुधारावी आणि विनामूल्य वापरावी. गाण्यांचा तपशील ते 'म्यूझिकब्रेन्झ' या लोकांनीच भरलेल्या सूचीशी ताडून पाहते. त्यापूर्वी 'सीडीडीबी' नावाची अशीच एक सूची लोकांनी फुकट श्रमाने भरली होती. ती पुढे कंपनीच्या मालकीची झाली. म्हणून म्यूझिकब्रेन्झने आपली मूळ माहिती सर्वांना खुली ठेवली.

हे सारे दूरचे वाटेल. पण आपल्या 'वऱ्हाड' या शब्दाकडेच पाहा. त्यातला 'ऱ' संगणकात एका अखंड संकेताने लिहिता येतो, किंवा 'र' आणि नुक्ता असे दोन संकेत जोडूनही. तिसरी रीत 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांची. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. यंत्राला मात्र ती तीन वेगळी नावे. पहिल्या दोन रीती एकच समजाव्यात, असा युनिकोडचा नियम आहे. तिसरी त्यात बसत नाही. म्हणजे एकाच वऱ्हाडी गीतसंग्रहाची तीन शकले होऊ शकतात. ही अडचण मराठी जाणणाऱ्याखेरीज कोणाच्या ध्यानी येणार?

दुसरी गोष्ट मानाची. सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले. त्यांच्या रचना लता मंगेशकर व आशा भोसले यांनी गायिल्या. दप्तरात 'कलाकार' एवढाच रकाना भरला, तर गायिका उरते आणि कवी नाहीसा होतो. मोझरीच्या तुकडोजी महाराजांचे भजन कोठे 'राष्ट्रसंत', कोठे 'तुकड्यादास' या नावाखाली गेले, तर शोधणाऱ्याला अर्धेच सापडेल.

विहीर खोदणाऱ्याचे नाव दगडावर कोरतात. दरसाल गाळ काढणाऱ्याचे कोणी कोरीत नाही. या साधनांचेही तसेच आहे. संगणकाची व्यवस्था बदलली की जुना भाग अडतो; कोणी नवी सोय मागतो, कोणी तक्रार करतो. हे सारे निस्तरणारे बहुधा आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, फावल्या वेळात, वेतनाविना काम करणारे असतात. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितले. वाढणाऱ्या वस्तूला राखणदार लागतो.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून संगणक शिकणारे तरुण पुष्कळ आहेत, आणि जुनी गाणी ओळखणारे वृद्धही आहेत. दोघांनी एकत्र बसून आपल्या गाण्यांची नावे बिनचूक भरावी, जेथे अडते तेथे उदाहरणासह कळवावे आणि जमल्यास दुरुस्तीही करून द्यावी. आपण ती केली नाही, तर गाणी राहतील. पण ती कोणाची होती, हे सांगणारा कोणी राहणार नाही.